नकार तरी कळवा

गेल्या श्रावणात एक मुलगी माझ्याकडे नाव नोंदवायला आली. एकतीस वर्षांची, ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी, डोंबिवलीहून रोजचं येणं-जाणं. फॉर्म भराभर भरत गेली. शिक्षण, उंची, पगार, भावंडं. ‘जोडीदाराकडून अपेक्षा’ या रकान्यापाशी मात्र तिचा पेन थांबला. इथे सहसा लोकांना जागा पुरत नाही. निर्व्यसनी, उच्चशिक्षित, स्वतःचा फ्लॅट, जबाबदारी नको, असं करत मजकूर मागच्या पानावर जातो. तिनं बराच वेळ घेतला आणि एकच ओळ लिहिली: ‘नको असेन तर तसं तोंडानं सांगणारा.’

मी चहा टाकला. लोक फॉर्मवर जे लिहीत नाहीत ते चहा पिताना सांगतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.

तिला एका डेटिंग अ‍ॅपवर मुलगा भेटला होता. अडीच महिने रोजचं बोलणं, चार वेळा प्रत्यक्ष भेट. त्यातल्या दोन इथेच, ठाण्यात तलावपाळीला. एका मंगळवारी सकाळी लोकलमध्ये बसल्यावर तिनं अ‍ॅप उघडलं, तर त्याच्याशी झालेलं बोलणंच तिथं नव्हतं. निरोप वाचला नाही, उत्तर आलं नाही, असं नव्हे. अडीच महिन्यांचं सगळं संभाषण गेलेलं. याला ‘अनमॅच’ म्हणतात. एकानं केलं की दोघांमधलं सगळं पुसलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलं तर डीपी नाही आणि निरोपापुढे एकच करडी खूण. तीन दिवस तिला वाटत राहिलं, त्याला अपघात झाला असावा. ती रात्री बातम्या चाळत होती. चौथ्या दिवशी मैत्रिणीच्या फोनवरून पाहिलं, तर डीपी जागेवर होता आणि तो ऑनलाइन होता.

“काकू, मी त्याला आवडले नाही याचं काही नाही हो,” ती म्हणाली. “पण तीन दिवस मी तो मेला असेल म्हणून घाबरत होते.”

नौपाड्यातल्या आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत मी १९९७ पासून हे वधू-वर सूचक केंद्र चालवते. आता चौदा वह्या भरल्या आहेत, पंधरावी चालू आहे. प्रत्येक वहीत स्थळांच्या जोड्यांपुढे तीन रकाने असतात: होकार, नकार, कारण. आणि पहिल्या दिवसापासून एक नियम आहे. भेट झाली की दहा दिवसांत जे असेल ते कळवायचं, लेखी. सुरुवातीला मी नोंदणीच्या वेळीच जोडकार्डं विकत घ्यायला लावायचे. अर्धं कार्ड तुमचं, अर्धं समोरच्याच्या उत्तराचं. पुढे फोन आले, ईमेल आले, आता निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. नियम तोच राहिला. ज्यांनी दोनदा उत्तर दिलं नाही, त्यांचं नाव मी पैसे परत करून काढून टाकते. यावरून माझी पुष्कळ भांडणं झाली आहेत.

अ‍ॅपनी प्रेमाचा बाजार मांडला, पिढी बिघडली, पूर्वी कसं सगळं छान होतं, अशा अर्थाचे लेख मी महिन्याला दोन तरी वाचते. मला ते पटत नाहीत. बाजार आमच्याकडेही होताच. ‘गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ या शब्दांत मुली मांडल्या जात होत्या, ‘एकुलता एक, बागायती, विनापाश’ या शब्दांत मुलगे. माझी तक्रार दुसरी आहे. होकार कसा मिळवावा यावर आज जग बोलतं, त्याची तंत्रं शिकवणारे वर्ग आहेत. नकार कसा द्यावा आणि कसा घ्यावा, हे आपण माणसांना कधीच शिकवलं नाही. पूर्वीही नाही आणि आताही नाही.

पूर्वीचं सांगते, कारण ते माझ्यावरूनच गेलं आहे.

१९८३ ते ८६ या तीन वर्षांत साताऱ्याच्या आमच्या घरी मला बघायला नऊ स्थळं आली. वडील शाळेत शिक्षक. पोहे करायची आई, ट्रे घेऊन जायचे मी, आणि आठ-पंधरा दिवसांनी यायचं आंतरदेशीय पत्र. वडील ते पत्र कात्रीनं नीट कापायचे, उभ्यानं वाचायचे आणि घडी घालून कोटाच्या खिशात ठेवायचे. नऊच्या नऊ पत्रांत कारण एकच: पत्रिका जुळत नाही. छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की चालतं म्हणतात. माझे म्हणे कुणाशीच जुळेनात. वडिलांनी सुट्टी काढून, कर्ज काढून मला त्र्यंबकेश्वरला नेलं आणि तीन दिवसांचा नारायण नागबळी केला. माझ्या लग्नानंतर तीन वर्षांनी, एका कार्यात, त्या नवांपैकी एका घरातली बाई माझ्याशी बोलता बोलता सहज म्हणून गेली, “आमच्या सासूबाईंना तुझा रंग आवडला नव्हता गं. बाकी पत्रिका उत्तम होती.”

वडील तेव्हा हयात नव्हते.

तेव्हापासून मला कळत आलं आहे की आपल्याकडे पत्रिका लग्न जुळवण्यासाठी जितकी वापरली गेली, त्याहून जास्त लग्न मोडण्यासाठी वापरली गेली. ‘मुलगी सावळी आहे’, ‘वडिलांची ऐपत कमी वाटली’, ‘मुलाचं दुसरीकडे आहे’ यातलं काहीही बोलायचं नसेल, तर ग्रहांवर ढकलायचं. कुणाचा अपमान नाही, कुणाचा दोष नाही. हे खोटं अगदीच दुष्ट नव्हतं. त्याला कारण होतं.

कारण हे की नकार दिलेला माणूस उद्या पुन्हा भेटणार असायचा. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात दाखवून दिलं की उत्तरेत लग्नं नात्याबाहेर आणि गावाबाहेर होतात, दक्षिणेत नात्यातच होतात आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये बसतो. आपल्याकडे कितीतरी जातींत मामाच्या मुलीवर हक्क सांगितला जायचा. अशा ठिकाणी ‘मुलगी पसंत नाही’ म्हटलं की मुलाच्या आईचं माहेर तुटलं. हे फक्त आपल्यापुरतं नाही. जेम्स बोसार्ड या समाजशास्त्रज्ञानं १९३२ साली फिलाडेल्फिया शहरातले लग्नाचे पाच हजार परवाने तपासले, तर जवळजवळ एक तृतीयांश जोडपी लग्नाआधी एकमेकांपासून पाच गल्ल्यांच्या आत राहत होती. पाच गल्ल्यांत नाकारलेला मुलगा सकाळी दुधाच्या दुकानात भेटणारच. म्हणून मध्ये कुणीतरी लागायचं. मामी, भटजी, ऑफिसातले जोशी, नाहीतर माझ्यासारखी वहीवाली. नकार त्या माणसाच्या तोंडून यायचा आणि तो कसा पोचवला याचा जाब त्याला दोन्ही घरं विचारू शकायची.

तो मधला माणूस आता गेला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१७ साली जुळलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के इंटरनेटवर भेटली होती. मित्रांमार्फत भेटण्याचं प्रमाण १९९५ मध्ये ३३ टक्के होतं, ते २० टक्क्यांवर आलं होतं. आपल्याकडचं चित्र इतकं बदललेलं नाही, पण माझ्या खोलीतून दिशा मला स्पष्ट दिसते. २०१० पर्यंत आई-वडील मुलांना घेऊन यायचे. आता मुलं स्वतः येतात, आणि येतात ती बहुधा अ‍ॅपवर दोन-तीन वर्षं काढून, थकून.

मी अ‍ॅपच्या विरुद्ध नाही, हे इथेच सांगते. टिंडर २०१२ मध्ये सुरू झालं, त्यात सुरुवातीच्या काळातच एक फार दयाळू सोय आली. तुम्ही कुणाचा फोटो डावीकडे सरकवला, तर ते त्या माणसाला कधीच कळत नाही. दोघांनीही उजवीकडे सरकवलं तरच दोघांना कळतं. नऊ वेळा ट्रे घेऊन गेलेल्या बाईला विचारा ही सोय केवढी मोठी आहे. बंबल २०१८ च्या अखेरीला भारतात आलं. त्यावर पहिला निरोप मुलीनंच पाठवायचा असा त्यांचा नियम होता. माझ्या वयाच्या बायकांच्या आयुष्यात पहिला शब्द बोलण्याची वेळ कधी आलीच नाही.

आणखी एक. चार-पाच वर्षांपूर्वी एक आई आपल्या मुलाचं नाव घेऊन आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, “त्याला मुलगाच हवा आहे. तुमच्या वहीत होईल का काही?” माझ्या वहीत तसं पान नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये असं प्रेम गुन्हा नाही म्हटलं, पण २०२३ मध्ये लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. त्या मुलाला मामी नाही, भटजी नाही आणि मीही नाही. त्याला त्याचा जोडीदार फोनवरच मिळाला आणि दोघं पुण्यात राहतात. अ‍ॅप बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी त्या आईशी बोलावं.

तेव्हा फोटो डावीकडे सरकवण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं सुरू होतं ते दोघं उजवीकडे आल्यानंतर. तिथून पुढे अ‍ॅपकडे एकही रीत नाही. बोलायला लागल्यानंतर, भेटल्यानंतर, एकमेकांच्या आईच्या दुखण्याबद्दल सांगून झाल्यावर जर मन फिरलं, तर काय करायचं? अ‍ॅप एकच बटण देतं, पुसून टाकण्याचं. कंपनीचं काम एवढ्यावर भागतं, कारण गेलेलं माणूस आणि राहिलेलं माणूस दोघंही पुन्हा फोटो चाळायला लागतात. टिंडर आणि हिंज चालवणाऱ्या मॅच ग्रुपवर फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात खटला दाखल झाला, तो याच आरोपावर: ही अ‍ॅप माणसाला सवय लागावी अशी बांधली आहेत. कंपनीनं आरोप नाकारला. ते काहीही असो. त्या डोंबिवलीच्या मुलीला निरोप पोचवणं हे कुणाचंच काम नव्हतं, एवढं मला दिसतं.

आता जातीबद्दल. या विषयावर लिहिताना ते टाळणं मला जमणार नाही, कारण न बोललेल्या नकारांत सगळ्यात मोठा वाटा तिचा आहे.

२०११ ची गोष्ट. एका बँकेत अधिकारी असलेला मुलगा, शाळेत शिकवणारी मुलगी. मुलानं ‘जातीची अट नाही’ यावर खूण केलेली. मुलीनं जातीचा रकाना मोकळा सोडलेला. आडनाव गावावरून आलेलं, कुठल्याही जातीत चालेल असं. दोनदा भेटले, दोघांनाही आवडले. तिसऱ्या आठवड्यात मुलाचे वडील एकटेच आले. चप्पल काढून बसले, पंखा जोरात करायला सांगितला. मुलीकडचे बौद्ध आहेत असं त्यांना कळलं होतं. मला म्हणाले, “पत्रिका जुळत नाही म्हणून कळवा.”

मी म्हटलं, “मुलीनं पत्रिका दिलेलीच नाही. त्यांच्याकडे पत्रिका बघत नाहीत.”

ते गृहस्थ गप्प झाले. किती वेळ ते मला आठवत नाही, पण त्यांच्या हातातला रुमाल मला आठवतो. घडी करत होते, उलगडत होते. शेवटी म्हणाले, “मग तुम्हीच काय ते सांगा.” आणि उठले.

मी मुलीला फोन केला. मुलाकडच्यांना पुढे जायचं नाही, एवढंच म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, “काकू, कारण मला माहीत आहे. मुलाचाही फोन नाही आला. तुम्ही मला सांगू नका, पण तुमच्या वहीत खरं ते लिहा.” सातव्या वहीत, कारणाच्या रकान्यात, मी ‘जात’ असं शाईनं लिहिलं. तोपर्यंत त्या रकान्यात मी जे लोक सांगतील तेच लिहीत आले होते. चौदा वर्षांत कितीदा मी ‘पत्रिका’ लिहिलं असेल आणि त्यातल्या किती वेळा ते खरं असेल?

त्या दिवसापासून ‘जातीची अट नाही’ यावर कुणी खूण केली की मी विचारते, “कुठलीच?” आणि ते आई-वडिलांसमोर उच्चारायला लावते. निम्मे लोक खूण खोडतात. मला ते चालतं. निदान तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या लेकीच्या तोंडावर दार बंद होत नाही.

माझ्या खोलीत जे दिसलं ते अर्थशास्त्रज्ञांनी मोजूनही दाखवलं आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या एका बंगाली दैनिकातल्या लग्नाच्या जाहिराती आणि त्या देणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या जातीतलं स्थळ मिळावं म्हणून लोक शिक्षणातला केवढातरी फरक पत्करायला तयार होते. अगदी न शिकलेलं आणि एम.ए. झालेलं एवढा. २०११-१२ च्या मानव विकास सर्वेक्षणात देशभरात जातीबाहेरची लग्नं जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास निघाली. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आंतरजातीय लग्न हाच जातीवरचा खरा उपाय असल्याचं लिहून ठेवलं. ते भाषण लाहोरच्या ज्या मंडळानं आयोजित केलं होतं, त्यांनीच ते होऊ दिलं नाही.

डेटिंग अ‍ॅप जात विचारत नाही, म्हणून तिथं ती नाही असं काहींना वाटतं. माझ्याकडे येणारी मुलं वेगळं सांगतात. सुरुवातीला फक्त पहिलं नाव असतं. गाणी, ट्रेक, मांजरं, सगळं छान चाललेलं असतं. मग एके दिवशी प्रश्न येतो, “तुझं पूर्ण नाव काय?” आणि पूर्ण नाव सांगितल्यावर बोलणं विरत जातं. एका मुलानं मला हे सांगताना हातानं दाखवलं, आवाज कमी करतात तसं. त्याला नकार आला का? नाही आला. तो कुणाला जाब विचारू शकतो का? नाही. आमच्या जोडकार्डावर निदान खोटं कारण तरी यायचं, आणि खोट्या कारणाला धरून भांडता यायचं.

रंगाचंही तसंच. जून २०२० मध्ये शादी डॉट कॉमनं लोकांच्या मागणीनंतर वर्णानुसार स्थळं शोधण्याची सोय काढून टाकली. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी मला वडिलांचा कोट आठवला. बातमी चांगलीच होती. पण फोटो सरकवणाऱ्या अंगठ्याला अशी सोय लागत नाही.

आता दुसरी बाजू, जी मला मुलींनीच सुनावली. मी एका कार्यक्रमात तावातावानं म्हटलं, की मुलींनो, गायब होऊ नका, सांगा. पाठच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सांगितल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे का?” मग तिनं सांगितलं. नको म्हटल्यावर आधी विनवण्या, मग शिव्या, मग नवनवीन नंबरांवरून फोन, मग तिच्या नावाचं खोटं अकाउंट. तिच्या शेजारच्या दोघींनी मान डोलावली.

मला काय माहीत नाही? मी लग्न होऊन ठाण्यात आले १९८६ मध्ये. १९९० च्या मार्चमध्ये उल्हासनगरात, दहावीची परीक्षा देत असलेल्या मुलीला भर वर्गात जाळून मारलं. तिनं नको म्हटलं होतं. आमच्या चाळीत त्या आठवड्यात एकही मुलगी एकटी क्लासला गेली नाही. तीस वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुणीला पाठलाग करणाऱ्यानं रस्त्यात पेटवलं. आठवडाभर झुंजून ती गेली. वर्तमानपत्रं याला ‘एकतर्फी प्रेम’ म्हणतात. हा शब्द वापरणं आपण बंद करावं अशी माझी या पानावरून संपादकांना विनंती आहे. नकार ऐकता न येणं याला प्रेम म्हणू नका.

म्हणून माझा आग्रह मी त्या दिवशीच सुधारला. जिथं भीती वाटते तिथं तुम्ही कुणाचंही उत्तराचं देणं लागत नाही. ब्लॉक करा, घरी सांगा, पोलिसांत जा. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आज तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे आणि ऑनलाइन पाठलागही त्यात येतो. पण मुली भीतीनं गप्प होतात आणि मुलगे आळसानं किंवा भिडेनं गप्प होतात, हा फरक मुलग्यांनी लक्षात घ्यावा.

नकार ऐकता येणं हे शिकवावं लागतं. एक तेहेतीस वर्षांचा इंजिनीअर माझ्यासमोर बसला होता. त्याला लागोपाठ तिसरा नकार मी कळवला. “कारण काय? माझ्यात कमी काय आहे?” त्याचा आवाज चढला. मी पाणी दिलं आणि म्हटलं, “तुझ्यात काही कमी नाही. तिला तू आवडला नाहीस. याला आणखी कारण लागत नाही.” तो अर्धा तास बसून राहिला. मी भाजी निवडत होते, उठ म्हटलं नाही. जाताना म्हणाला, “मला घरात कधी कुणी नाही म्हटलंच नाही, काकू.” त्याच्या आईला मी ओळखते. तिनं ते प्रेमानं केलं. पण मुलाला नाही म्हणायचं नाही आणि मुलीला नाही म्हणू द्यायचं नाही, हे आपल्या घरांत एकाच ताटात वाढलं जातं.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाचे मुलगे मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. मुली मिळत नाहीत म्हणून. टीव्हीवर लोक हसले. मी हसू शकले नाही. सोलापूर, बीड, नगरकडचे असे बाप माझ्याकडेही येतात, सातबारा घेऊन येतात. शेती करणाऱ्या मुलाच्या फॉर्मला माझ्या वहीत नकारही येत नाही, कारण भेटच होत नाही. मुली शेतावर यायला तयार नाहीत हे त्यातलं एक कारण, आणि मुलींना तो हक्क आहे. दुसरं कारण जनगणनेत आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीडमध्ये ८०७. गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा आपण १९८८ मध्ये केला, आणि तरीही. घोड्यावर बसलेल्या त्या मुलग्यांच्या वाट्याच्या कितीतरी मुलींना नकार त्यांच्या जन्माआधीच दिला गेला होता. तोही असाच, न बोलता, कुणाचंही नाव पुढे न येता.

माझ्याकडे उपायांची यादी नाही. वही आहे आणि एक नियम आहे. तो नियम अ‍ॅपवाल्या मुलामुलींनाही लागू करता येईल असं मला वाटतं. एकदाच भेटलात आणि जमलं नाही, तर दुसऱ्या दिवशी एक ओळ. महिनाभर बोललात, तर फोन करून. चारदा भेटलात, तर समोर बसून, दिवसाउजेडी, चार माणसांत. कारण द्यायलाच हवं असं नाही, पण दिलंत तर खरं द्या. खरं सांगायची लाज वाटत असेल, तर ते कारण मनात असण्याचीच लाज वाटायला हवी. मुलं मला विचारतात, काय लिहू? मी त्यांना लिहून देते: ‘आपल्याशी बोलून बरं वाटलं. पण मला पुढे जावंसं वाटत नाही. आपली वाट बघणं लांबू नये म्हणून कळवते आहे.’ तीन वाक्यं आहेत. उतरवून घ्या.

आणि आई-बाबांना सांगायचं तर, मुलं अ‍ॅपवर कुणाशी बोलतात यावर पहारा ठेवू नका. पहारा ठेवला की ती तुम्हाला काही सांगायची बंद होतात. त्याऐवजी जेवताना विचारा, ज्याच्याशी बोलायचं थांबवलंस त्याला कळवलंस का? हा प्रश्न मुलग्याला आधी विचारा.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी फोनमध्ये या क्षणी एक निरोप उत्तरावाचून पडला असेल. ज्याला हो म्हणायचं नाही आणि नाही म्हणायचं टाळलं आहे, असा. तो आज रात्री झोपण्याआधी उघडा.

डोंबिवलीच्या त्या मुलीचं नाव माझ्या पंधराव्या वहीत एकशे बाराव्या पानावर आहे. श्रावणापासून तिनं पाच मुलं पाहिली. दोघांना तिनं नको म्हटलं, तिघांनी तिला. पाचही नकार लेखी आहेत आणि दहा दिवसांच्या आतले आहेत.